हरायची मोकळीक

मामांनी जावं की जाऊ नये?

२०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत हा एकच प्रश्न होता. लोकसभेची निवडणूक त्याच उन्हाळ्यात झाली. कोण पडणार, कोण येणार यावर पैजा लागल्या. पण रात्री विहाराच्या कट्ट्यावर बसलं की बोलणं फिरून मामांवरच यायचं. स्वीडन देशात गोथेनबर्ग नावाचं शहर आहे. तिथं १३ ते २५ ऑगस्टला जागतिक मास्टर्स अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा होती. तिच्यातल्या पाच हजार मीटर चालण्याच्या शर्यतीत मामांना उतरता येणार होतं. खर्च ज्याचा त्यानं करायचा.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर सायडर आहेत. मीही त्याच खात्यात. सायडरचं काम म्हणजे चालणं. दोन फ्रेमच्या मधल्या बोळातून या टोकाचं त्या टोकाला जायचं, तुटलेला धागा सांधायचा, परत फिरायचं. आठ तास. कानात मशीनचा आवाज, नाकात कापूस. तीस वर्षं हा माणूस असा चालतोय. एक दिवस हजेरी लिहिणाऱ्या कारकुनानं त्यांना सांगितलं, चालण्याचीही शर्यत असते. एक पाऊल कायम जमिनीला टेकलेलं पाहिजे. पुढचा पाय टेकल्यापासून अंग त्याच्यावर सरळ येईपर्यंत गुडघा वाकता कामा नये. कडेला पंच उभे असतात. चुकलं की लाल कार्ड, कार्डं साठली की बाद. मामा जिल्ह्यात पहिले आले, राज्यात दुसरे, देशात तिसरे. मग संघटनेचं पत्र आलं, परदेशी जायचं असेल तर नाव द्या.

ही मास्टर्स म्हणजे काय भानगड ते आधी सांगतो, कारण वस्तीत निम्म्या लोकांना ती ऑलिंपिकच वाटत होती. पहिली जागतिक स्पर्धा १९७५ साली कॅनडात टोरांटोला झाली. आज पस्तीस वर्षं पुरी झालेला कुणीही, बाई असो की बुवा, तिच्यात उतरू शकतो. पाच-पाच वर्षांचे गट पाडलेले. पन्नाशीचा पन्नाशीच्याशी, ऐंशीचा ऐंशीच्याशी. अमुक वेळ मारली तरच या, अशी अट नाही. आपल्या देशाच्या संघटनेमार्फत नाव द्यायचं, फी भरायची, जायचं. २०२२ साली फिनलंडमध्ये टाम्पेरेला हरियाणाच्या भगवानी देवी ९४ व्या वर्षी शंभर मीटर पळाल्या. २४.७४ सेकंद लागले. सोनं घेऊन आल्या.

ऐकायला किती झकास. सगळ्यांना दार उघडं. पण दाराच्या अलीकडं व्हिसाची खिडकी आहे. तिथं बँकेचा उतारा दाखवायचा. पगाराच्या चिठ्ठ्या, रजेचं पत्र, कमीत कमी ३० हजार युरोचा विमा. व्हिसाची फी ८० युरो होती, ती ११ जून २०२४ पासून ९० झाली. वर विमान, राहणं, खाणं. दोन लाखांच्या पुढं जातं. मामांच्या हातात पगार पडतो सोळा हजार. बँकेचा उतारा कशाला हवा, तर हा माणूस परत जाईल याची खात्री पटावी म्हणून. चालण्याच्या शर्यतीला आलेला माणूस पळून जाईल अशी त्यांना भीती!

मग जन्मतारखेचं निघालं. आजी सांगायची, मामा बहात्तरच्या दुष्काळात झाले. ती तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होती, सुकडीवर दिवस काढत होती. पण शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी लिहिलं १ जून १९७०. आपल्या किती घरांत सगळी भावंडं १ जूनलाच जन्मलेली आहेत ते मी सांगायला नको. त्या दाखल्यावर पासपोर्ट. म्हणजे मास्तरांच्या एका फराट्यात मामा दोन वर्षांनी म्हातारे झाले. गिरणीतून दोन वर्षं आधी बाहेर पडणार, आणि शर्यतीत दोन वर्षं आधी वरच्या गटात जाणार, तिथं त्यांच्यापेक्षा थकलेली माणसं असणार. एकीकडं तोटा, एकीकडं फायदा. २०२४ ला काही फरक पडत नव्हता, दोन्ही हिशेबानं ते पन्नासच्याच गटात. पण मामांनी विचारलं, "पुढच्या खेपंला ह्यो फायदा घिऊ का नको रं?" मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "कागद म्हनतो त्या गटात उतरावं लागंल. पर माझा टाइम मी खालच्या गटाशी ताडून बघीन. मला ठावं हाय मी कवाचा."

फौजासिंग नावाचे गृहस्थ २०११ साली टोरांटोत वयाच्या शंभराव्या वर्षी अख्खी मॅरेथॉन पुरी करून आले. गिनीजवाल्यांनी विक्रम मानला नाही. जन्माचा दाखला नव्हता. ज्याचा जन्म कुणी लिहून ठेवला नाही, त्याचं म्हातारपणही जमेला धरत नाहीत. मामांचा जन्म निदान लिहिला होता, पण दुसऱ्यानं, त्याच्या सोयीनं.

आता माझं सांगतो. मी विरोधात होतो. नुसता विरोधात नव्हतो, कट्ट्यावर उभं राहून मी भाषण ठोकलं. मामांची मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. फीचा हप्ता तोंडावर आलेला. घरावरचा पत्रा दोन ठिकाणी गळतोय. मी म्हणालो, "मामा, तुम्ही तिथं जाऊन चालणार अर्धा तास. दोन लाख रुपये. मिनिटाला सहा-सात हजार पडले. एवढी महाग चाल आपल्या बापजाद्यांनी बघितली होती का?"

पोरं हसली. मामा एवढंच म्हणाले, "मुकादमागत बोलाय लागलास."

ते मला लागलं. त्या रात्री आम्हा दोघांची तिसरी पाळी होती. मी माझ्या फ्रेमवरून त्यांच्याकडं बघत होतो. या टोकाचं त्या टोकाला. गिरणीत आपलं सगळं मोजतात. किती बॉबिनं भरली, किती सूत वाया गेलं, मुतायला किती मिनिटं गेलास. फक्त माणूस किती चालला ते मोजत नाहीत. त्याचे पैसे द्यायचे नसतात. तीस वर्षांत मामा किती मैल चालले त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही. जिल्ह्याच्या मैदानात पहिल्यांदा कुणीतरी घड्याळ धरून त्यांचं चालणं मोजलं, कागदावर लिहिलं, पुढं नाव लिहिलं. आजपर्यंतची सगळी घड्याळं मालकाची होती. हे एकच त्यांचं. आणि मी त्यावर भाव लावत होतो, मिनिटाला सहा हजार.

साहेब लोक सुट्टीला सिंगापूरला जातात. त्यांना कुणी विचारत नाही की एवढ्या पैशात काय काय झालं असतं. गरिबानं भाकरी खाल्ली तर चालतं, बिर्याणी खाल्ली तर हिशेब द्यावा लागतो. आपल्या पोरानं चांगला शर्ट घातला की गावातल्या लोकांच्या कपाळाला आठी पडते. ती आठी बघून आपण पेटतो. आणि त्या रात्री ती आठी माझ्या कपाळावर होती, माझ्याच मामांसाठी.

पण गड्यांनो, हिशेब खोटा नव्हता. पोरीची फी खरी होती. मामांना आनंदाचा हक्क आहे असं मी शंभरदा लिहिलं तरी त्यानं फी भरली जात नाही. हक्क असणं वेगळं आणि तो या वर्षी बजावायचा की नाही हे ठरवणं वेगळं. पहिल्याबद्दल वाद घालायचं कारण नाही. दुसरं ठरवायचं कुणी? मी ठरवत होतो, वस्ती ठरवत होती, मामींचे भाऊ ठरवत होते. ज्याचे पाय त्याला कुणी बोलूच देत नव्हतं.

मग वस्तीनं उलट बाजू घेतली. जयंती मंडळाच्या शिलकीतून चाळीस हजार आणि घरटी पाचशे रुपये वर्गणी काढायची असं ठरलं. आपला माणूस परदेशात चालणार, अख्ख्या समाजाचं नाव होणार. एक पुढारीही आला. उरलेले मी घालतो म्हणाला. जाकिटावर त्याचं नाव, जाताना मिरवणूक, येताना मिरवणूक. पुढाऱ्याला मामांनी हात जोडून वाटेला लावलं. ते सोपं होतं. अवघड होतं वस्तीला नाही म्हणणं. कारण ते पाचशे रुपये खरे होते, कुणाच्या तरी दीड दिवसाच्या मजुरीचे होते, आणि प्रेमानं निघत होते.

मामा बैठकीत उभे राहिले. म्हणाले, "तुमच्या पैशावर गेलो तर मला हरता येनार न्हाई."

सगळे गप्प. थोरली आत्ती म्हणाली, "हरलास तरी आमचाच की रं तू."

"तुमी म्हनाल आत्ती. पर माझं मन म्हनंल का? दर पावलाला पाचशे रुपय दिसतील. गुडघा वाकल माझा."

काहींना वाटलं माणूस भ्याला. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. त्याच वाक्यासाठी हे सगळं लिहितोय.

राज्याच्या स्पर्धेला मी मामांबरोबर गेलो होतो. तिथं बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, सत्तरीच्या घरातले. चालण्याच्या शर्यतीत सगळ्यांच्या मागं. बाकीचे संपवून पाणी पीत बसले तरी यांची एक फेरी शिल्लक. शेवटच्या पन्नास मीटरला सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं. ते आले, बायकोनं पाणी दिलं, नातवानं फोटो काढला. "मजा आली," म्हणाले, आणि गाडीत बसून गेले. मला त्या माणसाचा हेवा वाटला. पहिल्या आलेल्याचा नाही वाटला. ते शेवटचे आले आणि त्यानं कुणाचं काहीच बिघडलं नाही. ना त्यांच्या जातीचं, ना गल्लीचं, ना बँकेचं. ते एकटे हरले. एकट्यानं हरता येणं ही केवढी चैन आहे!

आपला माणूस शेवटचा आला तर तो एकटा येत नाही. शाळेत पाटलाचं पोरगं नापास झालं तर ते पोरगं नापास झालं. आपलं झालं की 'त्यांचं असंच असतं'. नोकरीत त्यांची चूक ती चूक. आपली चूक म्हणजे राखीव जागेची चूक. म्हणून आपल्या पोराला लहानपणापासून सांगितलेलं असतं, तुला दुप्पट हुशार व्हावं लागंल. तसं सांगणारे आईबाप चुकीचे नाहीत. पण हे म्हणताना आपण त्याच्याकडून काय काढून घेतो ते बघत नाही. त्याला साधारण राहायची परवानगीच उरत नाही.

पळवणकर बाळूंचं उदाहरण घ्या. चांभाराच्या घरात जन्मलेले. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टी रोलायचं काम करता करता चेंडू टाकायला शिकले. १९११ साली हिंदी संघाबरोबर इंग्लंडला गेले आणि शंभराच्या वर बळी घेऊन आले. त्याच माणसाला पुण्यात सवर्ण गड्यांबरोबर खेळताना चहा बाहेर, मातीच्या भांड्यात मिळायचा. हिंदूंच्या संघाचं कप्तानपद त्यांना कधी मिळालं नाही. ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली मिळालं. मी विचार करतो, बाळूंनी इंग्लंडात शंभरच्या ऐवजी वीस बळी घेतले असते तर? संघातल्या दुसऱ्या कुणी वीस घेतले असते तर तो एक साधारण गोलंदाज ठरला असता. बाळू साधारण ठरले असते का? त्यांना मैदानात शिरायला मिळालं तेच मुळी असाधारण म्हणून. चेंडू नीट पडला तोवर आत, नाही पडला की भांड्यासकट बाहेर.

आणि दुसऱ्या टोकाला मान कौर. २०१७ साली ऑकलंडच्या जागतिक मास्टर्स क्रीडा स्पर्धेत १०१ व्या वर्षी त्या शंभर मीटर पळाल्या. शंभरीच्या गटात त्या एकट्याच होत्या. पहिल्या त्या आल्या आणि शेवटच्याही त्याच. मला वाटतं या मास्टर्स प्रकारात सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. इथं पहिलं आणि शेवटचं यातलं अंतर माणसाला खात नाही. माणूस आपल्या कालच्या पायांशी आज चालून बघतो. मामांना तेच हवं होतं. वस्तीला हवं होतं पदक.

माझा एक मित्र आहे, वाचणारा. तो चिडला. म्हणाला, "हा शुद्ध व्यक्तिवाद आहे. 'मी माझ्यासाठी' हे वाक्य मी फार ऐकलंय, शिकून वस्ती सोडून गेलेल्यांच्या तोंडून. बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. त्यांना हरायची मोकळीक होती का? त्यांनी मागितली का?"

हा प्रश्न खरा आहे, त्याला बगल देऊन चालणार नाही. बाबासाहेबांना ती मोकळीक नव्हती. शिष्यवृत्तीला बडोद्याच्या नोकरीची अट होती. आणि त्याहून मोठं ओझं कुठल्याच करारात लिहिलेलं नव्हतं. २० मार्च १९२७ ला आपली माणसं महाडात चवदार तळ्यापर्यंत चालत गेली, त्यांनाही नव्हती. ते चालणं सगळ्यांचं होतं. तिथं एक जण मागं फिरला असता तर सगळे फिरल्यासारखे झाले असते. अशा चालण्यात 'मी माझ्यासाठी' म्हणणारा गद्दार. आणि समाजाच्या जिवावर शिकून, फीमाफी घेऊन, वसतिगृहात जेवून जो नंतर म्हणतो मी कुणाचं देणं लागत नाही, तो खोटं बोलतो. घेतलं असेल तर फेडावं लागतं.

पण मामा नेमकं हेच तर म्हणत होते. घेतलं तर फेडावं लागंल, म्हणून घेत नाही. वर्गणी घेऊन हरायची मोकळीक मागितली असती तर ती लबाडी झाली असती. त्यांनी वर्गणी सोडली आणि मोकळीक ठेवली. यात समाजाला पाठ दाखवणं कुठं आलं? उलट समाजाचा पैसा कशाला असतो आणि कशाला नसतो याची समज माझ्यापेक्षा त्यांना जास्त. ते चाळीस हजार शेवटी वस्तीतल्या दोन पोरांच्या कॉलेज प्रवेशाला गेले. त्या पोरांना नापास व्हायची मोकळीक नाही, हे मामांनीच त्यांना दम देऊन सांगितलं.

मित्राला मी एवढंच विचारलं. महाडला चाललो ते पाणी प्यायला, माणूस म्हणून. मग माणूस झाल्यावर माणसानं करायचं काय? नुसतं फेडतच राहायचं? आपलं प्रत्येक पाऊल लढ्याच्या वहीतच मांडायचं असेल तर आपण एका मालकाच्या घड्याळातून सुटून दुसऱ्या घड्याळात अडकलो. लढा हवाच. पण लढा ज्यासाठी, ते थोडं तरी जगून बघितल्याशिवाय ते मिळालं की नाही हे कळणार कसं? मित्र म्हणाला, "हे तू मामांच्या बाजूनं बोलतोस, मागं विरुद्ध बोललास." बोललो. माणसाला मत बदलायचीही मोकळीक पाहिजे.

मामा २०२४ ला गेले नाहीत.

याचा अर्थ मी मांडला होता तो हिशेब जिंकला असं कुणी समजू नये. मीही आधी तसंच समजलो आणि त्यांना म्हणालो, "मामा, तुम्ही पोरीसाठी त्याग केला." ते वैतागले. "त्याग-बिग काय न्हाई. पोरीची फी मला भरायची हुती, भरली. जायाचं हाय, जाईन. माझ्या पैशानं, माझ्या सालात." त्याग हा शब्द आपल्या माणसांच्या गळ्यात फार लवकर घालतात. तो घातला की त्याला पुन्हा काही मागता येत नाही. मामांनी तो गळ्यातून काढून ठेवला. पोस्टात महिन्याला थोडी रक्कम टाकायला सुरुवात केली. ही स्पर्धा दर दोन वर्षांनी येते, आणि पन्नाशीतला पंचावन्नला पोचला की नव्या गटात पुन्हा सगळ्यात तरुण ठरतो. म्हातारं होण्यात एवढा फायदा दुसरीकडं कुठं ऐकला नाही. पासपोर्ट ट्रंकेत आहे. २०२६ ची स्पर्धा दक्षिण कोरियात देगूला ठरली तेव्हा पुन्हा कट्ट्यावर चर्चा सुरू झाली. मी या खेपेला तोंड उघडलं नाही.

रविवारी पहाटे मामा कॅनॉलच्या रस्त्यानं चालायला जातात. कधी कधी मीही मागं जातो. अर्ध्या मैलात ते दिसेनासे होतात. मी पंचविशीतला, पण माझा श्वास लागतो, कापसानं आधीच भरलाय. ते परत फिरून माझ्यापाशी येतात, पुन्हा पुढं जातात. मी शेवटचा येतो. कुणी काही म्हणत नाही.

मित्रांनो, आपल्यातल्या जिंकणाऱ्यांची नावं आपण भिंतीवर रंगवतो, रंगवलीच पाहिजेत. पण आपल्या घरात एखादं पोरगं असेल, बरं चालणारं, बरं गाणारं, बरं लिहिणारं, फार मोठं काही न करणारं, त्याला जरा साधारण राहू द्या. ज्या दिवशी आपला माणूस भर मैदानात शेवटचा येईल, पाणी पिईल, "मजा आली" म्हणून घरी येईल आणि त्यावर ना गाव काही बोलेल ना आपण, त्या दिवशी समता थोडी जवळ आली असं मी समजेन. पदकांच्या मोजणीत ती सापडायची नाही.